शेवया, शेंगोळे आणि रस्सा

चैत्र-वैशाखाच्या उन्हात सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील अंगणांत, ओट्यांवर आणि गच्च्यांवर जो वाळवणांचा पसारा मांडलेला असतो, त्यात पापड-सांडग्यांच्या बरोबरीने शेवया व कुरडया यांचा मान मोठा. आणि तरीही एवढ्या कष्टाने केलेल्या व वर्षभर डब्यांत जपलेल्या त्या शेवयांच्या वाट्याला आपल्या स्वयंपाकघरात एकच काम येते, ते म्हणजे दूध, गूळ अथवा साखर यांच्या संगतीत गोड होऊन पानात पडणे. पाहुणा आला की खीर, जावई आला की गुळवणी आणि वर तुपाची धार, मिरजेच्या मुसलमान घरांतून ईदेच्या सकाळी शीरखुर्मा, एवढ्या दोन-तीन प्रसंगांत शेवयांचे सारे चरित्र आटोपते. ज्या मुलखात मटणाचा रस्सा ही केवळ खाण्याची बाब न राहता गावजत्रेपासून आखाडापर्यंतच्या साऱ्या सामाजिक व्यवहाराचा भाग झालेली आहे, ज्या मुलखातून कृष्णा, कोयना आणि वारणा यांसारख्या मत्स्यसमृद्ध नद्या वाहतात, त्या मुलखात पिठाच्या तंतूची आणि रश्श्याची गाठ क्वचितच पडावी, हे माझ्या मते आपल्या पाकपरंपरेतील मोठे वैगुण्य आहे. शेवयांवर लादलेली ही गोडाची सक्ती उठवावी आणि कोणत्या तंतूशी कोणते मांस, कोणता मासा व कोणता रस्सा जुळतो याचा विचार आपण आपल्याच वाळवणाच्या डब्यापासून सुरू करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या जिभेला तिखटमिठाचे तंतू रुचत नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याने सायंकाळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत उभे राहून पाहावे. चायनीजच्या गाड्यांभोवती तरुणांची जी गर्दी लोटते, ती नूडल्ससाठीच लोटते. आणि १९८३ साली मॅगी भारतात आल्यापासून ज्या घरात दोन मिनिटांची ती वडी शिजली नाही असे घर दोन्ही जिल्ह्यांच्या आडगावांतही शोधून काढावे लागेल. त्या गाड्या चालविणाऱ्या कष्टाळू मुलांविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार निराळी आहे. तेथे कोंबडी असो, कोळंबी असो, पनीर असो की नुसती कोबी असो, एकाच कढईत, एकाच जाडीच्या नूडल्सवर, सोया, व्हिनेगर आणि तांबड्या चटणीचे तेच मिश्रण ओतले जाते. त्यामुळे मांसाचा स्वतःचा रस, माशाचा नाजूकपणा आणि पिठाची चव या तिन्ही गोष्टी त्या खारट-आंबट काळसर द्रवाखाली गडप होतात. ज्या चीन देशाच्या नावाने हा व्यवहार चालतो, तेथील लाजिया या स्थळी सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या पालथ्या पडलेल्या वाडग्याखाली नूडल्सचे तंतू सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. इतक्या दीर्घ अनुभवाच्या त्या देशात तंतूची जात आणि रश्श्याची जात यांचा मेळ प्रांताप्रांतांतून किती बारकाईने घातला जातो, याची आपल्या गाड्यांना वार्ताही नाही.

हा मेळ म्हणजे लहरीचा खेळ नाही. त्याच्या मुळाशी साधी कारणे आहेत. बारीक व गुळगुळीत तंतू पातळ रस उचलतो, पण जड खिम्याखाली त्याचा लगदा होतो. रुंद पट्टीला दाट, चरबीयुक्त रस्सा चिकटून राहतो, कारण तिला पृष्ठभाग अधिक असतो. आखूड आणि जाड गोळीला रस्सा बाहेरून चिकटण्यापेक्षा तिने रश्श्यातच शिजून तो आत शोषून घेणे श्रेयस्कर असते. आणि तांदळाचा तंतू मऊ व निर्विकार असल्याने नारळाच्या रसाला आणि माशाच्या कालवणाला तो गव्हापेक्षा अधिक मानवतो. इटलीतील बोलोन्या शहराचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. तेथील लोकांनी आपल्या तालियातेल्ले नामक पट्टीची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असे १९७२ साली शहराच्या व्यापारमंडळाच्या दफ्तरी रीतसर नोंदवून ठेवले, आणि दहा वर्षांनी, १९८२ साली, तिच्यावर घालावयाच्या मांसाच्या दाट रश्श्याची कृतीही त्याच दफ्तरी दाखल केली. पट्टीची रुंदी आणि रश्श्याचा दाटपणा यांचे नाते त्या शहराला सनदेसारखे जपून ठेवावेसे वाटले, यातच त्या विचाराचे गांभीर्य दिसून येते. आपल्याकडे गावोगावच्या सुगरणींच्या हातात असेच ज्ञान आहे; ते कोणत्याही दफ्तरात चढलेले नाही, एवढाच फरक.

ते ज्ञान किती सूक्ष्म आहे, हे शेवया करताना पाहावे. गहू आदल्या दिवशी ओलवून फडक्यात बांधून ठेवायचे, सावलीत सुकवायचे, दळून आणायचे, वस्त्रगाळ करायचे, आणि मग मिठाच्या पाण्यात भिजवलेली ती कणीक इतकी तिंबायची की ओढली असता तुटू नये. पाटावर हाताने वळलेल्या शेवया केसासारख्या उतरत; आता बहुतेक घरी बाकाला आवळलेले यंत्र असते, एक जण दांडा फिरवतो, दुसरी वरून गोळा दाबते, आणि तिसरी खालून उतरणाऱ्या तंतूंची झालर अलगद काठीवर झेलून दोन खाटांच्या मध्ये वाळत घालते. झेलणारीचा हात क्षणभर रेंगाळला तर तंतू एकमेकांना चिकटतात, घाई झाली तर तुटतात. या साऱ्या उद्योगाला गहूही साधा चालत नाही. कृष्णाकाठी व सीमेपलीकडे बेळगावकडे पिकणारा खपली गहू, ज्याचे टरफल मळणीत सुटत नाही व जो कांडूनच घ्यावा लागतो, तो शेवयांसाठी उत्तम मानला जातो; त्याच्या खालोखाल बन्सी. या खपलीची योग्यता परदेशी शास्त्रज्ञांनीही ओळखली होती: गव्हावरील तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत जो वाणांचा संच मुक्रर करण्यात आला, त्यात आपल्या खपलीला स्थान मिळाले, आणि तांबेऱ्याला तोंड देणारी तिच्यातील जनुके इतर गव्हांत उतरविण्यात आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचा बुटका, न लोळणारा वाण तयार केल्यामुळे तिच्या लागवडीची सोयही वाढली आहे. इटलीतील पास्ता ज्या कठीण गव्हाचा होतो, त्याचे खपली हे जवळचे आणि प्राचीन भावंड. अशा गव्हाच्या शेवया केवळ दुधात बुडविण्यासाठी राखून ठेवाव्यात, हे मला त्या गव्हावर अन्याय केल्यासारखे वाटते.

आता जोडीचा विचार. आपल्याकडे मटण शिजविण्याची जी रीत आहे, तीच मुळी या कामी अत्यंत अनुकूल आहे. मटण प्रथम हळद, मीठ, आले-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवले जाते, आणि तिखट घालण्यापूर्वी त्यातले अळणी पाणी लहान मुलांसाठी, आजाऱ्यासाठी व घरातील वृद्धांसाठी बाजूला काढून ठेवले जाते. मागाहून भाजलेले सुके खोबरे, कांदा, तीळ, खसखस यांचे वाटण आणि कांदा-लसूण चटणी पडून तांबडा रस्सा सिद्ध होतो. म्हणजे एकाच पातेल्यातून दोन भिन्न प्रकृतीचे रस आपोआप निघतात. पैकी अळणी पाण्याशी हाताच्या बारीक शेवयांचेच लग्न लागावे. त्या किंचित तेलावर बदामी भाजून, उकळत्या मिठाच्या पाण्यात क्षणभर सोडून, वेळून घ्याव्यात, वाडग्यात घालाव्यात आणि वरून ते पाणी कढत ओतून मिरपूड व कोथिंबीर पेरावी, एवढेच. यात वाटण घालण्याचा मोह आवरावा. बारीक शेवयांना ओझे सोसत नाही. रुखवतात शोभेसाठी मांडले जाणारे गव्हले, नखुले आणि मालत्या यांनाही हेच अळणी पाणी शोभेल. तापातून उठलेल्या माणसाला गव्हल्यांची अशी पेज दिली तर खिरीपेक्षा ती त्याला अधिक मानवेल, असे मला वाटते.

तांबड्या रश्श्याला मात्र यंत्रावरच्या जाड शेवया हव्यात. या रश्श्याचे सामर्थ्य त्याच्यावर तरंगणाऱ्या कटात आहे. चटणीचा रंग आणि मसाल्याचा गंध ज्यात उतरलेला असतो तो हा स्नेहाचा तवंग भाकरीच्या तुकड्याने कधी पुरता उचलला जात नाही, बराचसा ताटलीला चिकटून राहतो. पण जाड शेवया त्यात घोळल्या की प्रत्येक तंतूला तो लेपासारखा बसतो आणि पहिल्याच घासात जिभेच्या सर्व बाजूंना एकदम स्पर्श करतो. मटणाचे तुकडे येथे मोठे नसावेत; सुपारीएवढे, हाडावेगळे आणि मऊ शिजलेले असावेत, म्हणजे शेवयांबरोबर ते उचलले जातात. खिमा करावयाचा तर तो दाट, जवळजवळ सुका करून त्याच शेवयांत परतावा. कोल्हापूरकडचा पांढरा रस्सा, जो सांगलीकरांनीही आपलाच मानला आहे, त्याची प्रकृती या दोहोंच्या मधली: नारळाच्या दुधाने व खसखशीने त्याला दाटपणा येतो, पण तिखटाचा भार नसतो, म्हणून त्याच्याशी मध्यम जाडीचा आणि शक्य तर तांदळाचा तंतू ठेवावा. कोकणातले शिरवाळे, जे गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खाल्ले जातात, ते घाट चढून आले आणि पांढऱ्या रश्श्यात उतरले तर त्यांना परके वाटण्याचे कारण नाही. नारळाचा रस त्यांच्या ओळखीचाच आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणग्रस्त तालुक्यांनी आपणांस जो पदार्थ दिला आहे, त्याविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण त्याचे महत्त्व आपण पुरते ओळखलेलेच नाही. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे वा गव्हाचे पीठ, लसूण, जिरे, तिखट-मीठ घालून घट्ट मळावे, तळहातांमध्ये वळून बोटाएवढ्या लांब वळ्या कराव्यात, कोणी त्यांची टोके जोडून कडी करतात, आणि लसणाची खमंग फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात त्या एकेक सोडाव्यात. हे शेंगोळे. वळ्या शिजता शिजता त्यांच्या अंगावरचे पीठ सुटते आणि पाण्याचाच रस्सा होतो. पदार्थ आपला रस्सा आपणच निर्माण करतो आणि मग तोच पिऊन पुष्ट होतो. थंडीच्या किंवा झडीच्या दिवसांत माणदेशातील माणसाने या एका पातेल्यावर कित्येक पिढ्या काढल्या. हुलग्याला स्वतःची करडी, मातकट, किंचित तुरट चव असते, आणि अशा चवीच्या शेजारी कोंबडीसारखे सौम्य मांस फिके पडते. म्हणून शेंगोळ्यांना बोकडाची नळी, छातीची हाडे आणि खुरच हवेत. साध्या पाण्याऐवजी हाडांच्या दीर्घकाळ मंद आचेवर काढलेल्या अर्कात शेंगोळे सोडले, आणि शेवटी लसणाची दुसरी, कडक फोडणी दिली, तर जो पदार्थ तयार होतो तो जगातील कोणत्याही नामांकित खानावळीने आपल्या पत्रकावर पहिल्या ओळीत छापावा इतक्या योग्यतेचा आहे. जपानी लोक गव्हाहून निराळ्या, कुट्टूच्या पिठाच्या सोबा शेवयांना जो मान देतात, तो मान हुलग्याच्या शेंगोळ्यांना त्यांच्या जन्मभूमीतही मिळू नये, याचे मला मनस्वी दुःख होते. गरिबीचे अन्न म्हणून घरी पाहुणा आला की शेंगोळ्यांचे पातेले आत सारले जाते. ते पुढे आणले पाहिजे. चकोल्यांची गोष्ट थोडी निराळी. शंकरपाळ्याच्या आकाराचे कणकेचे ते काप तुरीच्या आंबट-गोड वरणातच पूर्णत्व पावलेले आहेत. त्यांत मांस घालण्याची खटपट कोणी करू नये.

कुरडईकडे मात्र अगदी नव्या दृष्टीने पाहावयास हवे. गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून, तो शिजवून सोऱ्याने पाडलेली ही जाळी म्हणजे शुद्ध सत्त्वाचा तंतू; पूर्वेकडील देशांत मुगाच्या सत्त्वाच्या ज्या पारदर्शक शेवया करतात, त्यांची ही सख्खी बहीण. तळून फुललेली कुरडई सर्वांच्या ओळखीची आहे, पण भिजवून, निथळून, कांदा-तिखटावर परतलेली कुरडईची भाजी ज्या घरांतून होते, त्या घरांनी परतलेल्या नूडल्स चायनीजच्या गाडीच्या कितीतरी आधी खाल्लेल्या आहेत. या भाजीत आठवड्याच्या बाजारात मिळणारी सुकट भाजून, स्वच्छ करून घातली की तिला पूर्णता येते. कुरडईला स्वतःची चव फारशी नसते आणि सुकटीला ती गरजेहून अधिक असते. एकीच्या अभावात दुसरीचा अतिरेक शमतो.

माशांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. कराडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापर्यंत, आणि वर कोयनेच्या जलाशयात, जे मासे मिळतात, त्यांपैकी कटला व रोहू यांच्या मांसात बारीक दुभंगलेल्या काट्यांचे जाळे असते. भाताबरोबर खाताना बोटांना तो काटा समजतो. शेवयांच्या गुंत्यात तो समजत नाही आणि थेट घशाशी जातो. म्हणून तंतूंबरोबर वाढावयाचा मासा मरळ असावा, जिचे मांस घट्ट आणि काटे थोडे, किंवा वाम असावी. शिंगाड्याला आणखी एक वाट मोकळी आहे. ब्रह्मदेशात मिश्यावाल्या माशाला शिजवून, त्याचे मांस काट्यांवेगळे करून रश्श्यातच मोडतात, डाळीच्या वा भाजलेल्या तांदळाच्या पिठाने त्या रश्श्याला दाटपणा आणतात आणि तो तांदळाच्या शेवयांवर ओतून सकाळी न्याहारीला खातात; मोहिंगा या नावाने तो पदार्थ त्या देशाचे प्रमुख अन्न मानला जातो. आपला शिंगाडाही मिश्यावालाच. आपल्याकडे दाटपणासाठी भाजलेले हुलग्याचे पीठ आहे, आंबटपणासाठी चिंच आहे, आणि रंगासाठी सांगलीच्या पेठेतली हळद आहे. माशाच्या कालवणात मटणाचे वाटण मात्र घालू नये. भाजलेले खोबरे आणि तीळ माशाला झाकून टाकतात. लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि चिंचेचा कोळ एवढे त्याला पुरे. अर्थात नदीत मळीचे पाणी सोडल्याने मेलेल्या माशांचे थर काठाला लागण्याचे जे प्रकार कृष्णाकाठच्या लोकांना पाहावे लागतात, त्यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय या परिच्छेदातील साऱ्या शिफारशी निष्फळ आहेत, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

शेवया हे मंगल प्रसंगीचे अन्न, त्यांत मांस मिसळणे परंपरेला धरून नाही, असा आक्षेप वडीलधारी माणसे घेतील, आणि त्यांच्या भावनेचा अवमान करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु आपल्या शेजाऱ्यांकडे पाहावे. भटकळचे नवायत मुसलमान शेवयांची बिर्याणी करतात. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून तांदळाच्या शेवयांबरोबर कोंबडीचा रस्सा वाढतात. कोडगूमध्ये नूपुट्टूबरोबर मांसाचे कालवण असते. यांपैकी कोणाच्याही घरून गोड शेवया हद्दपार झालेल्या नाहीत. परंपरेचाच दाखला हवा असेल, तर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मांड्यांच्या कृती आहेत आणि मांसाच्या व माशांच्याही आहेत. त्या राजाने एका अन्नाला पवित्र ठरवून दुसऱ्यापासून अलग कोंडले नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले, आणि आपल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापाने साऱ्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला, प्रत्येक पिढीने आपल्या पाकशास्त्रात भर घातलेली आहे, आणि भर घालण्याची मुभा आपल्या पिढीला नाही, असे कोणी फर्मावलेले नाही. जे मांसाशन करीत नाहीत, त्यांनाही या विचारातून वगळण्याचे कारण नाही: मटकीचा कट, घेवड्याचे दाट कोरड्यास आणि अख्खा मसूर हे जाड शेवयांचे उत्तम सोबती आहेत.

आता कोणी काय करावे, हे स्पष्ट सांगतो. पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्यापासून पेठ नाक्यापर्यंत ज्या मटणाच्या खानावळी आहेत, त्यांपैकी एखादीने तरी भाकरी व भात यांच्या जोडीला जाड शेवयांची तिसरी निवड पत्रकावर ठेवावी, आणि थंडीच्या चार महिन्यांत आठवड्यातून एक वार नळीच्या शेंगोळ्यांसाठी राखून ठेवावा. ज्या महिला बचत गटांच्या शेवया आज किलोच्या भावाने, कोणत्या गव्हाच्या आणि कोणत्या जाडीच्या हे न सांगता विकल्या जातात, त्यांनी पुडीवर दोन गोष्टी ठळक छापाव्यात: गहू खपली, बन्सी की साधा, आणि तंतू बारीक, मध्यम की जाड. इटलीतील कारखानदार स्पगेटीच्या पुड्यांवर प्रकाराचा क्रमांक छापतात, त्यावरून गिऱ्हाइकाला तंतूची जाडी ओळखता येते. पुडीच्या पाठीमागे खिरीची कृती छापण्याचा शिरस्ता चालू ठेवावयास माझी हरकत नाही. तिच्या खाली अळणी पाण्याची चार ओळींची कृती मावेल एवढी जागा सहज शिल्लक राहते.